जुन्या कॅबिनेटमध्ये विंडोज ९८ चा गेमिंग पीसी

सुटे भाग गोळा करण्याआधी साल ठरवा. खाली दिलेली जोडणी साधारण १९९६ ते २००१ मधल्या विंडोज ९८ च्या गेमसाठी आहे. डूम, ड्यूक न्यूकेम थ्रीडी असे डॉसवरचे (विंडोजआधीच्या कमांडवर चालणाऱ्या प्रणालीवरचे) गेमही तिच्यावर चालतात. १९९० च्या आधीच्या गेमना हे यंत्र फार वेगवान पडते, त्याचा उपाय शेवटी दिला आहे.

आधी कॅबिनेट. भंगारात किंवा माळ्यावर सापडलेला पांढरा डबा मागून पाहा. कीबोर्डच्या एकाच गोल पिनेपुरते भोक असेल तर तो जुन्या एटी प्रकारचा, आणि आडवी आयताकृती खिडकी असेल तर नंतरच्या एटीएक्स प्रकारचा. नवख्याने एटीएक्सच घ्यावा. एटी कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत चार जाड वायरी येतात आणि त्यांत थेट २३० व्होल्ट असतात. इन्सुलेशन तडकलेले असेल तर पत्र्याला हात लावताच झटका बसतो. तरीही एटी वापरायचाच असेल तर मदरबोर्डाला जाणारे वीजपुरवठ्याचे दोन प्लग काळ्या वायरी मधोमध शेजारी येतील असेच लावा. उलटे लावलेत तर बोर्ड गेलाच समजा.

कॅबिनेट पूर्ण मोकळे करून पत्रा साबणाच्या पाण्याने धुवा आणि दिवसभर वाळवा. गंज घासून त्यावर प्रायमर मारा. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकसाठी पार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळणारे ४० व्हॉल्यूमचे क्रीम डेव्हलपर चालते. त्यात १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. क्रीम सारखे लावून वर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळा, उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने क्रीम पुन्हा पसरवा. एखाद्या ठिकाणी ते सुकले की पांढरे पट्टे उठतात आणि ते मग जात नाहीत. काही वर्षांनी पिवळेपणा परत येतो, तेव्हा थोडा पिवळसर डबा तसाच ठेवणे हाही वाईट पर्याय नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा. अशा यंत्रांचा सर्वाधिक घात इथेच होतो. कॅबिनेटसोबत आलेला जुना एसएमपीएस बोर्डाला लावून बघण्याचा मोह टाळा. आधी त्याला एक निकामी हार्ड डिस्क भार म्हणून जोडा, २० पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर काळ्या वायरीला टेकवा आणि मल्टिमीटरने मोजा. लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५, पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट आले पाहिजेत. आकडे याबाहेर गेले, किंवा आतले कपॅसिटर फुगलेले दिसले, तर तो बाद. उघडलेल्या एसएमपीएसमध्ये बोट घालू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरतो.

नवा एसएमपीएस घेताना २०+४ पिनांचा घ्या, चार पिनांचा तुकडा बाजूला सरकवता येतो. मात्र वॅटचा मोठा आकडा बघून भुलू नका. नव्या एसएमपीएसची ताकद १२ व्होल्टवर असते, तर जुने बोर्ड प्रोसेसरसाठी बहुतेक वीज ५ व्होल्टवरून ओढतात. लेबलवर ५ व्होल्टसमोर निदान २० अँपिअर लिहिलेले हवेत. नव्या एसएमपीएसमध्ये उणे ५ व्होल्टची पांढरी वायरही नसते, आणि काही जुनी आयएसए (जुन्या लांब खाचेत बसणारी) साउंड कार्डे तिच्यावाचून मुकी राहतात. डेलच्या १९९८ च्या सुमारच्या अनेक यंत्रांतला प्लग दिसायला नेहमीसारखाच असतो, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असतो. त्या कॅबिनेटमधला एसएमपीएस दुसऱ्या बोर्डाला लावला तर बोर्ड जळतो.

मदरबोर्ड इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा (बोर्डाचे भाग जोडणाऱ्या मुख्य चिपांचा) मिळाला तर दुसरीकडे बघू नका. स्लॉट १ मध्ये (प्रोसेसरच्या लांब खाचेत) ४५० किंवा ५०० मेगाहर्ट्झचा कॅटमाय जातीचा पेंटियम ३ बसवा. कॉपरमाइन जातीचा अधिक वेगवान असतो, पण त्याला १.६५ व्होल्टच्या आसपास वीज लागते आणि सुरुवातीचे काही बीएक्स बोर्ड १.८ च्या खाली उतरत नाहीत. अशा बोर्डावर तो सुरूच होत नाही आणि लोक प्रोसेसर मेला म्हणून टाकून देतात.

रॅम पीसी१०० ची, एकूण २५६ एमबी, पुरे. १२८ च्या दोन पट्ट्या घ्या. २५६ ची एकच पट्टी, त्यातही एकाच बाजूला आठ चिप असलेली, बीएक्सवर अर्धीच दिसते किंवा दिसतच नाही. ५१२ एमबीच्या वर गेलात तर विंडोज ९८ ची कॅशे (तात्पुरत्या साठवणीची) व्यवस्था गडबडते आणि मेमरी पुरेशी नाही असा उफराटा संदेश येतो. पट्टीचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलके घासा आणि चुरा झटकून टाका. निम्म्या ‘मेलेल्या’ मशीन एवढ्यावर उठतात.

बोर्ड बसवण्याआधी त्याला पत्र्यापासून उचलून धरणारे पितळी स्टँडऑफ मोजा. बोर्डाला जितकी भोके आणि जिथे आहेत तितकेच, तिथेच. आधीच्या बोर्डाचा एखादा स्टँडऑफ चुकून राहिला की तो खालून शॉर्ट करतो. सीएमओएसची (बोर्डाच्या सेटिंग्ज जपणारी) सीआर२०३२ बॅटरी बदला आणि कॅबिनेटचा छोटा स्पीकर जोडायला विसरू नका. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसवर (बोर्डातल्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामवर) एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्ड, सतत लांब बीप म्हणजे रॅम. मशीन सुरू होऊन चार सेकंदांत बंद पडत असेल तर बोर्डाला दोष देऊ नका. पुढचे पॉवर बटण आत अडकलेले असते.

डिस्प्ले कार्ड एजीपीचे (डिस्प्लेसाठीच्या खास खाचेत बसणारे): ग्लाइडवर (वूडू कार्डांच्या खास ग्राफिक्स प्रणालीवर) चालणाऱ्या गेमसाठी वूडू ३, नाहीतर टीएनटी२ किंवा जीफोर्स२ एमएक्स. वूडू ३ हे ३.३ व्होल्टचे कार्ड आहे आणि बीएक्सवर ते निर्धास्त चालते. पेंटियम ४ च्या बोर्डांवर एजीपी बहुधा १.५ व्होल्टचा असतो, तिथे ते जबरदस्तीने बसवू नका. आवाजासाठी डॉसवर आयएसएचे साउंड ब्लास्टर उत्तम. ते महाग पडले तर यामाहाच्या वायएमएफ७२४ चिपचे पीसीआय कार्ड बरे. साउंड कार्डाच्या सेटिंग्ज पत्ता २२०, आयआरक्यू ५ आणि डीएमए १ ठेवा, कारण बरेच डॉस गेम आवाज तिथेच शोधतात.

हार्ड डिस्कऐवजी आयडीई (जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीच्या) अॅडॅप्टरवर ३२ जीबीपर्यंतचे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावा. आवाज नाही, उष्णता नाही, आणि कार्ड काढून रीडरमध्ये घातले की गेम भरता येतात. मशीन चालू असताना मात्र ते कधीही ओढू नका. १९९९ पूर्वीच्या अनेक अवॉर्ड बायॉसना ३२ जीबीच्या वरची डिस्क दिली की ओळख पटवतानाच मशीन गोठते. फ्लॉपी लावणार असाल तर केबलच्या पिळानंतरच्या टोकाला, तरच ती ए: होते.

विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती वापरा. बूट फ्लॉपीवरून एफडिस्क (डिस्कचे विभाग पाडणारा प्रोग्राम) चालवा, मोठ्या डिस्कच्या प्रश्नाला होकार द्या, सक्रिय विभाग बनवा, रीबूट करून फॉरमॅट करा. मग स्मार्टड्राइव्ह (डिस्कचे काम वेगवान करणारा डॉसचा प्रोग्राम) चालवून सीडीतले ‘विन९८’ फोल्डर कार्डावर उतरवा आणि सेटअप तिथूनच सुरू करा. स्मार्टड्राइव्हशिवाय हीच नक्कल कंटाळा येईल इतकी रेंगाळते, आणि फोल्डर डिस्कवर असले की प्रत्येक ड्रायव्हरसाठी सीडी घालावी लागत नाही. बीएक्सला चिपसेटचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. व्हीआयए चिपसेट असेल तर त्याचा ‘४ इन १’ संच आधी, मग डिस्प्ले, मग डायरेक्टएक्स, शेवटी आवाज. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या डीएमए (माहिती थेट मेमरीत नेण्याच्या) पर्यायावर टिक करा, पण कार्ड डीएमए पेलत नसेल तर मशीन अडखळते, तेव्हा सेफ मोडमधून तो काढा. यंत्र इंटरनेटला जोडू नका, २००६ नंतर त्याला सुरक्षेचे अपडेट नाहीत.

जुना डॉस गेम वाऱ्यासारखा पळाला तर बायॉसमध्ये एल१ कॅशे बंद करा, वेग ३८६ या जुन्या प्रोसेसरच्या आसपास उतरतो. ‘रनटाइम एरर २००’ म्हणून गेम सुरूच न झाल्यास तो टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग साधनाचा वेगवान प्रोसेसरवरचा दोष आहे, त्यासाठी गेमच्या फाइलला पॅच लावावा लागतो. सगळे नीट चालले की कार्डाची पूर्ण प्रतिमा आजच्या संगणकावर काढून ठेवा, म्हणजे कार्ड गेले तरी सेटअप पुन्हा करावे लागत नाही.