नारळ, मासे आणि कोलेस्टेरॉल: कोकणी स्वयंपाकघरात चरबीचा हिशेब कसा लावावा

रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की कोकणातल्या घरात पहिली गदा येते ती कोळंबीवर आणि अंड्याच्या बलकावर. नारळ सुटतो, कारण त्यात कोलेस्टेरॉल नसतं. ते खरंच आहे. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं, त्यामुळे कुठल्याही वनस्पती तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ या शिक्क्याला काही अर्थ नाही. पण रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबीचा वाटा मोठा असतो आणि खोबऱ्यात ती भरपूर असते. तेव्हा हिशेब नारळाच्या वाटपापासून (वाटणापासून) सुरू करायचा.

पोटात गेलेल्या तेलाचं काय होतं

चरबी पाण्यात विरघळत नाही. लहान आतड्यात पित्त तिचे बारीक थेंब करतं आणि स्वादुपिंडातला लायपेज हा पाचकरस ते फोडतो. आतड्याच्या पेशी हे तुकडे पुन्हा जोडतात, त्यांना प्रथिनांचं आवरण चढवतात आणि लसीकावाहिन्यांतून रक्तात सोडतात. जेवणानंतर साधारण तीन-चार तासांनी रक्तातलं ट्रायग्लिसराइड (चरबीचं नेहमीचं रूप) सर्वांत वर असतं.

यकृत स्वतःही चरबी आणि कोलेस्टेरॉल बांधून रक्तात पाठवतं. वाटेत ट्रायग्लिसराइड उतरवून झालं की मागे उरतं ते एलडीएल. ते परत आत ओढायला यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. या रिसेप्टरचं काम उलगडल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. संपृक्त चरबी जास्त झाली की हे रिसेप्टर मंदावतात, एलडीएल रक्तात फिरत राहतं आणि धमन्यांच्या भिंतीत शिरतं.

म्हणून तेल-तूप पार बंद करायचं, असं मात्र नाही. पेशींची आवरणं, पित्त आणि काही संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासूनच बनतात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीशिवाय नीट शोषली जात नाहीत.

पायरी १: रिपोर्ट नीट वाचा

बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. समजा एकूण २३२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१० आहे. मग एलडीएल झालं २३२ − ३८ − ४२ = १५२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही.

या तीन आकड्यांची कारणं वेगवेगळी असतात. १५२ एलडीएलसाठी नारळ, तूप आणि बेकरीचा माल तपासा. २१० ट्रायग्लिसराइडसाठी ताटातला भाताचा डोंगर, साखर आणि दारू. ३८ एचडीएलसाठी बैठं काम आणि सिगारेट. नुसतं तेल कमी केलं पण भात तेवढाच ठेवला, तर ट्रायग्लिसराइड बहुधा जागचं हलत नाही. तक्रार येते ती इथेच.

पायरी २: महिन्याचं तेल मोजा

बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला तेल-तूप मिळून २५ ते ३० ग्रॅम पुरतं. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. चार माणसांच्या घरात महिन्याला सगळं मिळून साडेतीन लिटरच्या आसपास. पाच-सहा लिटर संपत असेल तर ते कुठे जातं हे आधी शोधा. बहुतेक वेळा तळणीत.

खोबरेल रोजच्या फोडणीला नको. घाण्याचं असो की रिफाइंड, त्यातली ८० टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्तच. शेंगदाण्याच्या तेलात ती साधारण २० टक्क्यांच्या आत, तुपात ६० च्या वर. स्वादासाठी शेवटी वरून एक चमचा खोबरेल घातलं तर बिघडत नाही.

पायरी ३: नारळ काट्यावर ठेवा

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅम चवात (खवलेल्या खोबऱ्यात) सुमारे ३३ ग्रॅम चरबी असते, त्यातली ३० ग्रॅम संपृक्त. २,००० कॅलरीच्या आहारात संपृक्त चरबीची मर्यादा दिवसाला साधारण २२ ग्रॅम. मध्यम नारळाच्या एका कवडीतून, म्हणजे अर्ध्या नारळातून, १००-१२५ ग्रॅम चव निघतो असं धरा. घरात चौघं आणि दिवसाला एक नारळ, तर माणशी १५ ते १८ ग्रॅम संपृक्त चरबी एकट्या नारळातूनच गेली. दूध, तूप, बिस्किटं अजून मोजायचीच आहेत.

चौघांना दिवसाला एक कवड पुरवा. वाटप करताना अर्धा चव काढून घ्या आणि दाटपणासाठी भाजलेला कांदा व थोडे भिजवलेले तांदूळ वाटा. हे वाटप लवकर तळाला लागतं, म्हणून गॅस मंद ठेवून ढवळत राहा. सोलकढीला पहिला जाड रस थोडाच घ्या, बाकी दुसरा-तिसरा पातळ रस आणि कोकमाचं आगळ. चोथा फेकला तरी चरबीचा मोठा भाग रसात उतरलेला असतो, हे विसरू नका. सुकं खोबरं अजून जड, त्यात ६० टक्क्यांहून जास्त चरबी.

पायरी ४: माशाला घाबरू नका, तव्याला घाबरा

१०० ग्रॅम कोळंबीत दीडशे मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल असतं, पण चरबी जेमतेम एक-दोन ग्रॅम. कोळंबी सोडून दोन वाट्या जाड सोलकढी प्यायची, हा सौदा तोट्याचा आहे. मधुमेह असेल किंवा एलडीएल आधीच चढलेलं असेल तर आठवड्यातून एखाद्या वेळी, बेताने खा.

बांगडा, तारली, पेडवे यांच्यात ओमेगा-३ ही चांगली चरबी बऱ्यापैकी असते. आठवड्यातून दोनदा घ्या. तिरफळं घालून केलेल्या तिखल्याला तेल नावालाच लागतं.

तळायचंच असेल तर रवा हलका लावून जास्तीचा झटका. तेल तापायच्या आधी तुकडी टाकली किंवा तव्यावर गर्दी केली की तेल गार पडतं आणि रवा ते पिऊन घेतो. तेल मोजून घाला आणि शेवटी उरलेलं मोजा. मधला फरक पोटात गेला. उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. काळं पडलं, फेसाळलं किंवा लवकर धुरावलं की टाकून द्या.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुकट, सुके बांगडे ताटात येतात. तिथे प्रश्न मिठाचा. दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, रक्तदाब असेल तर प्रमाण आणखी कमी.

पायरी ५: कुळीथ वाढवा

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि त्यातली बहुतेक आतड्यातून परत शोषली जातात. कुळथासारख्या कडधान्यातला विरघळणारा चोथा (फायबर) ही पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं एलडीएल उचलतं. उसळ मोड आलेल्या कुळथाची असो, चवळीची असो, रोज एक वाटी हवी. फक्त तिच्यावर खोबऱ्याची रास नको.

दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. पंधरवड्यात तपासून काही कळत नाही. डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) दिलं असेल तर आकडा उतरला म्हणून परस्पर बंद करू नका, तो गोळीमुळेच उतरलेला असू शकतो. एलडीएल १९० किंवा त्याहून वर असेल तर दोष आनुवंशिक असू शकतो, अशा वेळी नुसत्या पथ्याने भागत नाही आणि भावंडांची, मुलांचीही तपासणी करावी लागते. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेलं तर डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नका. ते असंच वाढत गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. खाण्यात काही बदल नसताना एलडीएल चढलं असेल, तर थायरॉइडची टीएसएच तपासणीही करून घ्या.