रोमन नाण्यावरची इमारत ओळखायची तर खांब मोजू नका

रोमन ब्राँझच्या नाण्यावर देऊळ दिसलं की आधी खांब मोजायचा मोह होतो. तो आवरा. सेस्टर्शियससारखं मोठं नाणंही जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचं. आतली मूर्ती दिसावी म्हणून कोरणारा मधले खांब खुशाल बाजूला सारायचा, कधी गाळूनही टाकायचा. दार, छप्पर आणि कडेची अक्षरं जास्त खरं बोलतात.

सम्राट नीरोचं, जेनस या रोमन देवाच्या देवळाचं नाणं घ्या. दोन झडपांचं बंद दार, त्यावर आपल्या तोरणासारखी लोंबणारी माळ, शेजारच्या भिंतीला वर जाळीची खिडकी. दार कधी उजवीकडे, कधी डावीकडे. म्हणून देऊळ वेगळं समजू नका. कडेला 'यानुम क्लूसित', म्हणजे 'जेनसचं दार लावलं', असं वाचता आलं तर काम झालंच. युद्ध थांबलं की हे दार लावायची प्रथा होती. गोल इमारत आणि 'माक आउग' ही अक्षरं असतील, तर तो नीरोचाच बाजार, मासेलम. 'एस सी' मात्र सोडून द्या. ती सिनेटच्या ठरावाची खूण बहुतेक ब्राँझ नाण्यांवर असतेच.

झिजलेलं नाणं अंधारात ठेवून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. उजेड समोरून पडला की सगळं सपाट दिसतं. आडवा पडला की दाराची चौकट अचानक उठून येते. आणि कृपा करून चिंच-मीठ लावू नका! समईला ते चालतं, इथे हिरवट थराबरोबर देऊळही जाईल.