जुनी ५० मिमी लेन्स उलटी लावा: कढीपत्त्यावरच्या अंड्यापर्यंत पोहोचण्याची रीत

पावसाळ्यात कुंडीतल्या कढीपत्त्याची कोवळी पानं उलटसुलट करून पाहा. एखाद्या पानावर फिकट पिवळं, गोल, बारीक मोहरीएवढं अंडं दिसतं. लिंबू आणि कढीपत्त्यावर वाढणाऱ्या फुलपाखरांचं ते अंडं. ठाण्यातल्या खालच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्यांत ते सहज सापडतं, पण फोटोत येत नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स जास्तीत जास्त ०.३ पटीच्या आसपास जाते, म्हणजे १ मिमीचं अंडं सेन्सरवर ०.३ मिमीचं पडतं. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (साधारण २३.५ मिमी रुंदीच्या) सेन्सरवर एका मिलिमीटरमध्ये साधारण २५५ पिक्सेल असतात. अख्खं अंडं मग पंचाहत्तरेक पिक्सेलमध्ये संपतं, आणि इतक्यात तपशील दिसणं शक्यच नाही.

त्यासाठी लगेच मॅक्रो लेन्स घ्यायची गरज नाही. घरात पडलेली ५० मिमीची जुनी लेन्स, लेन्स उलटी बसवणारी एक रिव्हर्स रिंग आणि एक्स्टेंशन ट्यूबचा (लेन्स सेन्सरपासून दूर नेणाऱ्या पोकळ नळ्यांचा) संच एवढ्यावर दुपटीच्या पुढे जाता येतं.

लेन्स निवडताना

लेन्सवर अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची रिंग असली पाहिजे. पहिली अट हीच, कारण उलट्या लावलेल्या लेन्सशी कॅमेऱ्याचं बोलणं बंद होतं आणि ते छिद्र लहान-मोठं करणारी पाती हातानेच मिटावी लागतात. निकॉनच्या रिंगवाल्या जुन्या लेन्स आणि पेंटॅक्स के माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कडी) लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्या की रिंगवर ठेवलेल्या आकड्याला मिटतात. एम४२ माउंटच्या बऱ्याच लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असतो, तो मॅन्युअलवर करा. हेलिओस ४४-२ मध्ये तर सगळं हातानेच आहे, त्यामुळे ती या कामाला सोयीची.

रिंग नसलेल्या लेन्सनेही काम होतं, पण थोडी खटपट आहे. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्स काढल्यावर पूर्ण मिटतात आणि समोर काळोख दिसतो. माउंटजवळचा छोटा खटका सरकवून त्यात जाड कागदाची घडी अडकवा, म्हणजे पाती अर्धवट उघडी राहतील. कॅननच्या ईएफ लेन्सला डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) एफ ८ ठेवा (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), पाती मिटवून दाखवणारं डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि तशीच लेन्स काढा. पाती त्याच आकड्यावर राहतात.

जुनी लेन्स घेणार असाल तर फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत जाताना खिशात टॉर्च ठेवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून उजेड टाका आणि तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत करा. एखाद-दुसरा धुळीचा कण चालतो. पात्यांवर तेलाची चमक असेल तर ती चिकटून हळू मिटतात. रिव्हर्स कामात त्यानं फारसं अडत नाही, पण भावात घासाघीस करायला ते कारण पुरेसं आहे.

जोडणी

रिव्हर्स रिंगच्या एका बाजूला तुमच्या कॅमेऱ्याचा माउंट असतो, दुसऱ्या बाजूला लेन्सच्या पुढच्या फिल्टर थ्रेडमध्ये बसणारे आटे. लेन्सच्या पुढच्या कडेवरचा व्यास पाहून रिंग घ्या. निकॉनच्या बहुतेक जुन्या ५० मिमी लेन्सना ५२ मिमी लागते, हेलिओस ४४-२ ला ४९. जुळत नसेल तर दोन वेगळे व्यास जोडणाऱ्या स्टेप-अप रिंगनं भागतं.

१. पंखा बंद करा. सेन्सर उघडा राहणार आहे आणि आपल्याकडच्या धुळीला दोन सेकंद पुरतात.

२. रिंग आधी लेन्सवर फिरवा, कॅमेऱ्यावर नंतर. प्रथम उलट दिशेनं हलकं फिरवा, आटे जागेवर बसल्याचा टक आवाज आला की मग घट्ट करा. तिरके आटे गेले तर अ‍ॅल्युमिनियमची रिंग लेन्सच्या प्लॅस्टिक थ्रेडचा भुगा करते.

३. कॅमेऱ्याच्या मेन्यूत लेन्स नसताना शटर चालू देणारा पर्याय सुरू करा. मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) हा राहून गेला तर शटर दाबलंच जात नाही, आणि लोक रिंगलाच दोष देत बसतात.

४. मोड एम (मॅन्युअल) ठेवा. निकॉनच्या प्राथमिक डीएसएलआरमध्ये अशा लेन्सवर मीटर चालत नाही. एक फोटो काढा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) पाहा, शटर बदला.

५. आता लेन्सचं मागचं भिंग बाहेर उघडं आहे. त्यावर ओरखडा गेला तर लेन्स वाया जाते. निकॉनच्या माउंटवर बसणारी बीआर-३ नावाची रिंग लावली की त्या टोकाला ५२ मिमीचा फिल्टर किंवा हूड बसतो. फोकसची रिंग जवळच्या टोकाला फिरवूनही थोडा आडोसा मिळतो, कारण बऱ्याच जुन्या ५० मिमी लेन्समध्ये माउंटची कडा तेव्हा भिंगाच्या पुढे येते.

मिररलेस वापरणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते. उलटी ५० मिमी डीएसएलआरवर जवळपास एकास एक देते असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि मिररलेसवर लावल्यावर ते निम्म्यावर येतं. रिंग सदोष नसते. निकॉन एफ माउंटपासून सेन्सर ४६.५ मिमीवर असतो, कॅनन ईएफमध्ये ४४ मिमीवर. सोनी ई मध्ये तोच १८ मिमीवर, निकॉन झेड मध्ये १६ मिमीवर. लेन्स सेन्सरच्या तेवढी जवळ आली. हे अंतर भरून काढायला ट्यूब लावा, किंवा डीएसएलआर लेन्ससाठीचा अ‍ॅडॉप्टर मध्ये घालून डीएसएलआरच्या माउंटची रिव्हर्स रिंग वापरा.

हिशोब एकदाच लक्षात ठेवावा असा आहे: जोडलेल्या ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ, तेवढा पट वाढतो. ५० मिमी लेन्सवर १२ मिमीची ट्यूब ०.२४ पट वाढवते, २० मिमीची ०.४ आणि ३६ मिमीची ०.७२. तिन्ही मिळून १.३६. लेन्स सुलटी असो वा उलटी, हा हिशोब बदलत नाही. मग उलटी का लावायची? एकास एकच्या पुढे सुलट्या लेन्सची पुढची कडा विषयाला टेकायला येते. उलट्या ५० मिमीमध्ये विषय माउंटच्या कडेपासून साधारण ४६ मिमी अधिक ५० भागिले पट इतक्या अंतरावर राहतो. एक पटीला साडेनऊ सेंटिमीटर, दोन पटीला सात. पट कितीही वाढवला तरी हे अंतर साडेचार सेंटिमीटरच्या खाली जात नाही. शिवाय मोठ्या पटीला उलटी लेन्स कडांपर्यंत जास्त स्वच्छ राहते, कारण तिची मागची बाजू जवळच्या प्रतलासाठीच घडवलेली असते.

पट्टी ठेवून मोजा

अंदाजावर विसंबू नका. स्टीलच्या पट्टीवर फोकस करा आणि चौकटीच्या रुंदीत किती मिलिमीटर बसले ते मोजा. एपीएस-सी सेन्सरची रुंदी २३.५ मिमी (कॅननमध्ये २२.३) आणि फुल फ्रेमची ३६. सेन्सरची रुंदी भागिले दिसलेले मिलिमीटर म्हणजे तुमचा पट. एपीएस-सीवर १२ मिमी दिसले तर साधारण दोन पट. प्रत्येक जोडणीचा असा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे एखादी मुंगी चौकटीत किती जागा व्यापेल हे आधीच कळतं, आणि फोटोवरून तिची लांबीही काढता येते. साधी गोष्ट आहे, पण निरीक्षणाला खरी किंमत यातूनच येते.

अ‍ॅपर्चर आणि उजेड

इथेच बहुतेकांचे फोटो बिघडतात, म्हणून थोडं थांबून पाहू. एपीएस-सीवर एफ ८ ला अर्ध्या पटीत साधारण २ मिमी खोली स्पष्ट येते, एक पटीला ०.६ मिमी आणि दोन पटीला ०.२५ मिमीच्या आत. स्वाभाविकपणे हात एफ १६ किंवा २२ कडे जातो. तसं करू नका. जवळच्या कामात खरं अ‍ॅपर्चर म्हणजे रिंगवरचा आकडा गुणिले (१ अधिक पट). दोन पटीला रिंगवरचं एफ ८ प्रत्यक्षात एफ २४ असतं, एफ १६ तर एफ ४८. तिथे विवर्तनानं, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड फाकल्यानं, सगळंच मऊ पडतं आणि लेन्सचा काही दोष नसतो. एक पटीला एफ ५.६ ते ८, दोन पटीला एफ ४ ते ५.६ ठेवा. खोली कमी पडली तर विषय सेन्सरला समांतर आणा: पान थोडं वाकवण्यापेक्षा कॅमेरा तिरका करा.

उजेडही याच कारणानं घटतो. एक पटीला चौपट, दोन पटीला नऊपट. पावसाळी ढगांखाली उघड्यावर आयएसओ ८०० आणि खरं एफ १६ धरलं तर शटर १/१२५ च्या आसपास मिळतं. ग्रिलच्या आत, गॅलरीत उजेड तीनेक स्टॉपनं कमी (दर स्टॉपला निम्मा), म्हणजे १/१५. वाऱ्यावर हलणाऱ्या पानासाठी ते काही कामाचं नाही. फ्लॅश लागतोच.

साधा मॅन्युअल फ्लॅश पुरे: १/८ ते १/३२ पॉवर, शटर १/१६० किंवा १/२००, आयएसओ २०० ते ४००. पॉवर जितकी कमी तितकी फ्लॅशची झळक आखूड, आणि हालचाल तितकी चांगली गोठते. मात्र उघडा फ्लॅश भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग पाडतो. फाइलच्या पुठ्ठ्याची, आतून पांढऱ्या कागदानं मढवलेली नळी करा, पुढच्या तोंडाला बटर पेपरचे दोन थर लावा आणि त्या दोन थरांत २-३ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. नळीचं तोंड लेन्सच्या टोकाच्या जरा पुढे, वरून खाली झुकलेलं हवं. फ्लॅशपेक्षा हे तोंड किती मोठं आणि विषयाच्या किती जवळ आहे यावरच फोटोचा पोत ठरतो.

फोकस अंगानं करायचा

लेन्सची फोकस रिंग विसरा. पट ठरवा आणि कॅमेरा पुढे-मागे न्या. कोपर कठड्यावर किंवा गुडघ्यावर टेकवा, डाव्या हातानं पानाचा देठ धरा आणि तेच बोट लेन्सच्या टोकाला लावा. पान आणि कॅमेरा एकत्र हलू लागतात आणि निम्मी अडचण संपते. श्वास सोडत पुढे झुका, कडा तीक्ष्ण झाली की दाबा. आठ-दहा फोटो घ्या, एक-दोन जमतील. अनुभवी माणसाचंही प्रमाण फार वेगळं नसतं. मिररलेसवर फोकस पीकिंगवर (स्पष्ट कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) पूर्ण भरवसा ठेवू नका, दोन पटीला ते खूप जागी रंगतं. दृश्य मोठं करून पाहणं बरं.

काय, कुठे, केव्हा

सुरुवात न पळणाऱ्या विषयांवर करा. जास्वंदीच्या शेंड्यावरचे पिठ्या ढेकूण आणि त्यांच्यातला गोड द्रव पिणाऱ्या मुंग्या, शेवंतीवरचा मावा, तुळशीच्या मंजिऱ्या. मग भिंतीवरचे उड्या मारणारे कोळी: ते लेन्सकडे वळून पाहतात, तेव्हा समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांवर फोकस ठेवा, बाकी शरीर धूसर गेलं तरी चालतं.

बाहेर पडायचं तर सकाळी सात ते नऊ. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्यानं तिथे संध्याकाळचं ऊन लवकर जातं. सकाळचा पूर्वेकडून येणारा उजेडच कामाचा. मासुंदा आणि कचराळी तलावांच्या कठड्यांवर, झुडपांच्या आत कोळ्यांची जाळी मिळतात. डिसेंबर-जानेवारीत येऊरला पहाटे चतुर गारठून काडीला चिकटलेले असतात, ऊन अंगावर येईपर्यंत हलत नाहीत. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, त्यामुळे वाट सोडून आत शिरू नका, काही तोडू नका. घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं भरपूर आहेत, पण उडत्या फुलपाखरासाठी ही जोडणी निरुपयोगी; तिथे टेली लेन्स न्या. ऐरोलीच्या खाडीकाठचे निवटे आणि खेकडेही तसेच, सात सेंटिमीटरवर कोणी येऊ देत नाही.

जून ते सप्टेंबर लेन्स नीट ठेवणं हे फोटो काढण्याइतकंच महत्त्वाचं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. कातडी केसमध्ये जुनी लेन्स ठेवू नका, कातडं ओल धरतं. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की तापवून परत वापरता येतं, पण निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून स्वयंपाकाच्या कढईत तापवू नये. नारिंगी दाणे घेणं चांगलं. एसीच्या खोलीतून बाहेर येताना कॅमेरा बंद बॅगेत अर्धा तास राहू द्या, नाहीतर उघड्या मागच्या भिंगावर बाष्प धरतं.

आता कढीपत्त्याकडे. अंडं दिसलं की फांदीला दोरा बांधून खूण करा आणि तारीख लिहा. पट दोन ठेवा, म्हणजे अंडं पाचशे पिक्सेल व्यापेल. फ्लॅश बाजूनं द्या, समोरून दिला तर गोलाई सपाट होते. रोज त्याच जोडणीनं, त्याच दिशेनं एक फोटो. अंड्याचा रंग गडद होऊ लागला की अळी बाहेर येणार आहे असं समजा, आणि सकाळ-संध्याकाळ दोनदा पाहा. बाहेर पडल्यावर ती पहिल्यांदा स्वतःचं कवच खाते, त्यामुळे उशीर झाला तर पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी इवलीशी अळी तेवढी उरते. पट तोच राहू द्या. पहिल्या दिवशी ती चौकटीत पूर्ण मावते, आणि वाढत गेली की एकेक ट्यूब काढत जा.