कंबरदुखीवर गोळ्यांविना विद्युतचुंबकीय उपचार : घेण्यापूर्वी आणि घेताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कंबरदुखी ही कामाबरोबर येणारी गोष्ट समजून सोसली जाते. रोप लावणीत दिवसभर वाकून राहणाऱ्या बायका, उद्यमबागेतील फाउंड्रीत जड साचे उचलणारे कामगार आणि वडगाव-खासबागेत मागापुढे तासन्‌तास काढणारे विणकर वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलतात. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. त्यामुळे गोळ्यांविना आराम शोधणे रास्तच आहे. विद्युतचुंबकीय उपचार हा असा एक मार्ग आहे. तो आजमावून पाहावा, परंतु काही अटींवर, असे माझे मत आहे.

आपल्याकडे ‘करंट घेतला’ किंवा ‘मशीनचा शेक घेतला’ या दोन शब्दप्रयोगांत चार वेगवेगळे उपचार मिसळले जातात. म्हणून आपल्याला नेमके काय दिले जाणार आहे, हे आधी विचारून घ्यावे. टेन्स आणि आयएफटी या उपचारांत त्वचेवर पॅड चिकटवून वीज थेट शरीरात सोडली जाते. शॉर्टवेव्ह डायथर्मी सेकंदाला २.७१ कोटी आवर्तनांच्या लहरींनी आतील स्नायू गरम करते. स्पंदित विद्युतचुंबकीय उपचारात, म्हणजे पीईएमएफमध्ये, तारेच्या वेटोळ्यातून थांबून-थांबून वीज वाहते, तिच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र वाढते आणि ओसरते, आणि या बदलामुळे शरीराच्या पेशींभोवती अतिशय सौम्य वीज निर्माण होते. बदलत्या चुंबकत्वातून वीज उपजते हे तत्त्व फॅराडेने १८३१ साली दाखवून दिले होते, आणि न जुळणारी हाडे जुळवण्यासाठी अशा यंत्रांना अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली. कंबरदुखीबाबत मात्र पुरावा एवढा भक्कम नाही. चाचण्या थोड्या आणि लहान आहेत; काहींत वेदना कमी झाल्याचे दिसते, पण त्यावरून खात्रीचा दावा करता येत नाही. कंबरेच्या पट्ट्यात शिवलेले साधे चुंबक याहून वेगळे आहेत. त्यांचे क्षेत्र बदलत नाही, त्यामुळे स्वस्थ पडलेल्या माणसाच्या शरीरात ते वीज निर्माण करत नाहीत. त्यांवर पैसे खर्चू नयेत.

पहिली पायरी मशीनची नसून तपासणीची आहे. दुखणे तीन महिन्यांपेक्षा जुने असेल तर ते दीर्घकालीन मानतात, आणि बहुतेकांत त्यामागे गंभीर आजार नसतो. परंतु लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पाय लुळा पडत जाणे, यांपैकी काही जाणवले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. संध्याकाळचा ताप, रात्री झोपमोड करणारे दुखणे, विनाकारण घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा उतारवयात पडल्यानंतर उठलेली कळ असल्यासही आधी डॉक्टर आणि नंतर मशीन, हा क्रम मोडू नये. माझी आत्या एका मोफत चुंबकीय गादी केंद्रात सहा महिने नेमाने जात होती. तिला रोज संध्याकाळी कणकण येते, हे तेथे कोणीही विचारले नाही. अखेर तिच्या मणक्यात क्षयरोग निघाला. तो औषधांनी बरा झाला. पण वाकलेली पाठ सरळ झाली नाही.

सरकारी दवाखान्यात कन्नडभाषक डॉक्टर भेटले तर नुसते ‘बेन्नू नोवू’ म्हणू नये, कारण त्यातून सगळी पाठ सूचित होते. कंबरेसाठी ‘सोंट नोवू’ असे सांगावे, आणि पायाला मुंग्या येऊन तो बधिर होत असेल तर ‘जोमु’ हा शब्द वापरावा. वर्णन नेमके झाले की तपासणीही योग्य जागी होते.

पेसमेकर, इन्सुलिन पंप किंवा कानात बसवलेले श्रवण-रोपण असलेल्यांनी हा उपचार घेऊ नये. गरोदरपणात आणि कमरेच्या भागात कर्करोग, जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव असताना तो वर्ज्य आहे. फिटचा आजार असल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय घेऊ नये. तांबी बसवलेल्या स्त्रियांनी कमरेवर शॉर्टवेव्ह घेऊ नये. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना मंदावलेली असेल तर शॉर्टवेव्हने भाजल्याचे कळतही नाही, म्हणून ही गोष्ट फिजिओथेरपिस्टला आवर्जून सांगावी.

उपचाराला बसण्यापूर्वी मोबाईल, किल्ल्या, बँकेचे कार्ड आणि धातूचे दागिने बाजूला ठेवावेत. चांदीचा करगोटा नेमका कंबरेवरच असतो आणि सवयीमुळे तो विसरला जातो. शॉर्टवेव्हसाठी अस्सल जरीच्या काठाची साडीही चालत नाही, कारण त्या जरीत धातूची तार असते. घामाने ओले झालेले अंग कोरडे करावे आणि लोखंडी खाटेऐवजी लाकडी पलंग मागावा. शॉर्टवेव्हमध्ये सुखद ऊब जाणवावी, त्याहून अधिक चटका जाणवताच सांगावे. पीईएमएफमध्ये बहुधा काहीच जाणवत नाही, त्यामुळे काही जाणवले नाही म्हणून मात्रा वाढवण्याचा आग्रह धरू नये. एक बैठक साधारण २० ते ३० मिनिटांची असते.

उपचार लागू पडतो की नाही हे ठरवण्यासाठी वही ठेवावी. सुरू करण्यापूर्वी एक आठवडा रोज रात्री वेदनेला ० ते १० पैकी गुण द्यावेत, आणि त्यासोबत न थांबता किती मिनिटे चालता आले, मांडी घालून किती वेळ बसता आले, हेही लिहावे. त्यानंतर चार आठवडे उपचार घेत नोंदी चालू ठेवाव्यात. वेदनेचे गुण सुमारे एक तृतीयांशाने उतरले आणि चालणे-बसणे वाढले, तरच फरक पडला असे मानावे. प्रारंभाची वेळ निवडताना विशेष काळजी घ्यावी. माणूस दुखणे शिगेला पोहोचल्यावर दवाखाना गाठतो, आणि आपल्याकडे ती वेळ बहुधा रोप लावणीची किंवा ऊसतोडणीची असते. काम संपले की कंबर आपोआप हलकी होते आणि श्रेय मशीनला मिळते. म्हणून कामाचा भार फारसा बदलणार नाही असा महिना निवडावा.

वेदना उतरली की त्या मोकळ्या वेळेचा उपयोग हालचालीसाठी करावा. माझ्या मते या उपचाराचे खरे मोल येथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दीर्घकालीन कंबरदुखीसाठी व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांची शिफारस केली आहे, तर टेन्स, कंबरपट्टे आणि ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून कंबर ताणणे, यांचा नित्य वापर करू नये असे म्हटले आहे. बैठकीनंतर तासाभरात सपाट रस्त्यावर १० मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत जावे. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, कंबर हळूहळू वर उचलून पाच अंक मोजावेत आणि खाली आणावी; हे रोज दहा वेळा करावे. व्यायाम करताना कळ पायात उतरू लागली तर थांबून फिजिओथेरपिस्टला विचारावे.

घरी यंत्र विकत घेण्याची घाई करू नये. आधी दवाखान्यात चार आठवडे घेऊन वही पाहावी. घेण्याचे ठरलेच तर विक्रेत्याकडून आवर्तने, चुंबकीय क्षेत्राची तीव्रता, वैद्यकीय उपकरण म्हणून मिळालेला परवाना आणि परतीची मुदत लेखी घ्यावी. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते, आणि मणक्यांमधील चकत्या त्वचेपासून काही सेंटीमीटर आत असतात. त्यामुळे पातळ गादीतील दुबळ्या वेटोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व काही बरे होते असे सांगितले जात असेल तर तेथून उठून यावे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने अशा जाहिरातींना मनाई केली आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आराम पडू लागला तरी चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. प्रीगाबालिनसारखे नसांच्या दुखण्यावरचे औषध एकदम थांबवल्यास त्रास होतो, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते. चार आठवड्यांनंतर मशीन थांबवावे, परंतु चालणे, व्यायाम आणि वही आणखी दोन आठवडे चालू ठेवावी. त्या दोन आठवड्यांत गुण पुन्हा चढले नाहीत तर पुढच्या बैठकींची गरज नाही. चढले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.