गुळाच्या रसाचा पीएच: मोजायचा कसा आणि चुना किती घालायचा

पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटलं की दोष हवेला जातो. खरं बिघडलेलं असतं ते हिवाळ्यातच, काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत. रस आंबट असताना तापवला की त्यातली साखर फुटते, म्हणजे सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. फुटलेली साखर कणी धरू देत नाही, वर हवेतलं पाणी ओढते. गूळ मऊ पडतो, चिघळतो. या भीतीपोटी चुना सढळ हाताने घातला आणि रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट) सातच्या पुढे गेला, की तीच फुटलेली साखर काळपट रंग देते आणि गुळाला चुन्याची चव येते. या दोन्हींमधली जागा अरुंद आहे: पीएच ६.० ते ६.४. नेम ६.२ वर धरावा.

मुरलेला गुळव्या (गूळ करणारा कारागीर) मळी, म्हणजे तापल्यावर रसावर येणारा मळ, कशी फाटते हे बघूनच ही जागा ओळखतो. असा माणूस तुमच्या गुऱ्हाळावर असेल तर हा लेख सोडून द्या आणि त्याचं ऐका. बाकीच्यांना मीटर लागतो. अडचण अशी की मीटर विकत घेतलेल्यांपैकी बरेच जण तो चुकीचा वापरतात आणि आकडा दिसतो म्हणून त्यावर विश्वास ठेवतात.

ऊस आणि रस

पक्व ऊस, वाढे आणि वरची कोवळी कांडी काढून टाकलेला. हँड रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा ब्रिक्स (गोडीचं माप) २० च्या आसपास असावा. तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळा. चोवीस तास पडलेल्या उसाचा रस मीटर लावायच्या आधीच बिघडलेला असतो. ताज्या, चांगल्या रसाचा पीएच ५.२ ते ५.५ भरतो. पाचच्या खाली आला तर त्या उसाचा गूळ करू नका, काकवी (पातळ गूळ) करा.

वाळवा, पलूस, मिरज भागातल्या क्षारपड रानातल्या उसाबद्दल एकच सांगणं: त्या गुळाचा खारटपणा कोणत्याही चुन्याने जात नाही. पीएच बरोबर आला तरी गूळ खारटच राहणार.

मीटर: इथे घाई करू नका

कागदी पट्ट्या आधी बाजूला ठेवा. कच्चा रस हिरवट-तपकिरी असतो आणि पट्टीवर रसाचाच रंग चढतो. साध्या पट्टीवर सहा की साडेसहा हे कळत नाही, आणि आपल्याला तर ६.० आणि ६.४ मधला फरक हवा आहे. पेनसारखा छोटा मीटर पुरतो. मात्र दोन दशांश स्थळं दाखवणारा, दोन बफरना (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांना) जुळवता येणारा आणि तापमान दाखवणारा घ्या. फक्त एक स्क्रू असलेला, एकाच बफरला जुळणारा पेन या कामाचा नाही.

नव्या पेनचा काचेचा गोळा बहुधा कोरडा आलेला असतो. कोरड्या गोळ्याचा आकडा भटकत राहतो. पेन रात्रभर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात उभा ठेवा. ते नसेल तर ४.०१ च्या बफरमध्ये ठेवला तरी चालेल. डिस्टिल्ड पाण्यात मात्र ठेवू नका. हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि त्यानेच पेन लवकर मरतात, कारण शुद्ध पाणी इलेक्ट्रोडच्या आतले क्षार बाहेर ओढून घेतं.

पेनबरोबर बहुधा तीन पुड्या येतात: ४.०१, ६.८६ आणि ९.१८. प्रत्येक पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या, सहसा २५० मिली, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची. बोअरचं पाणी इथे चालणार नाही, त्यातले क्षार बफरच बिघडवतात. ९.१८ ची पुडी तशीच ठेवून द्या. आपला रस चार ते सातच्या मध्ये आहे, त्यामुळे त्याच दोन टोकांना मीटर जुळवायचा. शिवाय ९.१८ चं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उघड्यावर सर्वांत आधी बिघडतं.

जुळवणी अशी:

१. दोन स्वच्छ छोट्या वाट्यांत थोडं थोडं बफर ओता. बाटलीत पेन बुडवू नका आणि वापरलेलं बफर बाटलीत परत ओतू नका.

२. पेन डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि टिश्यूने नुसता टिपा. गोळा घासू नका. घासल्याने काचेवर विद्युतभार बसतो आणि आकडा हलत राहतो.

३. आधी ६.८६. पेन हळू फिरवा, आकडा थांबू द्या, अर्धा ते एक मिनिट लागतं, मगच जुळवणीचं बटण दाबा.

४. पुन्हा धुवा, टिपा, ४.०१ मध्ये घाला. बटण दाबायच्या आधी आकडा वाचा आणि लिहून ठेवा.

चौथ्या पायरीतला हा न जुळवलेला आकडाच पेनची तब्येत सांगतो. ६.८६ ला जुळवलेला चांगला पेन ४.०१ मध्ये ४.०० ते ४.१५ च्या आसपास दाखवतो. ४.३० दाखवत असेल तर इलेक्ट्रोडचा उतार (पीएच बदलल्यावर तो किती प्रतिसाद देतो) नव्वद टक्क्यांवर आला आहे, कारण २.८५ च्या अंतरापैकी तो २.५६ च मोजतो. असा पेन बटण दाबून जुळेलही, पण आकडा रेंगाळत येईल आणि दर तासाला सरकेल. एकदा साफ करून बघा, तरी तेच आलं तर बदला.

बफरचा आकडा तापमानानेही थोडा सरकतो. पुडीवर छापलेला तक्ता त्यासाठीच असतो. डिसेंबरात कऱ्हाड-पाटणकडे पहाटे रस आणि बफर दोन्ही पंधरा अंशांवर असतात आणि काहिलीशेजारी ठेवलेली बाटली पस्तिशीला पोचते. बफर आणि रसाचा नमुना एकाच तापमानाला, २५ ते ३० अंशांना, आणून मगच मोजा.

पेन बरोबर आहे का हे बघायला बरेच जण तो आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बुडवतात आणि सात येईल म्हणून वाट बघतात. येत नाही. अशा पाण्यात पीएच धरून ठेवणारं काहीच नसतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते सहाच्याही खाली जातं. मग लोक चांगला पेन फेकून तरी देतात किंवा स्क्रू फिरवून बिघडवतात. पडताळाच हवा असेल तर ताजं दूध घ्या, ते ६.६ ते ६.८ दाखवतं. मोजल्यावर पेन लगेच धुवा.

गरम रसात पेन बुडवू नका

सर्वांत जास्त आधणं (काहिलीतल्या रसाच्या खेपा) इथे बिघडतात. पेनवर एटीसी लिहिलेलं असतं, म्हणजे तापमानाची दुरुस्ती आपोआप. लोक समजतात की आता उकळत्या रसातही आकडा बरोबर येईल. एटीसी फक्त इलेक्ट्रोडचा उतार दुरुस्त करतं. तापल्यावर रसाचा स्वतःचा पीएच बदलतो, त्यातलं ते काहीच दुरुस्त करत नाही. ६.०–६.४ ची शिफारस थंड नमुन्याची आहे, तेव्हा ऐंशी अंशांच्या रसाचा आकडा तिच्याशी ताडून काही हाती लागत नाही. शिवाय साधे पेन पन्नास-साठ अंशांच्या वर टिकत नाहीत; गरम रसात चार वेळा बुडवलेला पेन हंगाम काढत नाही.

म्हणून नमुना थंड करा. पळीभर रस स्टीलच्या वाटीत घ्या, ती वाटी थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा. दोन-तीन मिनिटांत तीस अंशांवर येतो. थंड करायला त्यात पाणी ओतू नका. वर चिपाडाचा चुरा किंवा फेस असेल तर कापडातून गाळून घ्या. पेन फिरवा, थांबा, वाचा. वाचून झाल्यावर नमुना टाकून द्या, काहिलीत परत ओतू नका.

रस दाटायला लागला की मोजणं थांबवायचं. पाकात पाणीच कमी असतं, त्यामुळे पेन दाखवतो तो आकडा ६.०–६.४ शी ताडता येत नाही. मोजायच्या जागा तीनच: कच्चा रस, चुना दिल्यानंतर, आणि शेवटची मळी काढल्यावर रस नितळ दिसतो तेव्हा.

चुना किती: आधी एका लिटरवर बघा

"हजार लिटरला इतका चुना" असं ठोक प्रमाण सांगणाऱ्याला विचारा, कोणत्या रानाच्या उसाला? लागणीचा, खोडव्याचा, खताच्या मात्रेचा, तोडीनंतर किती तास झाले त्याचा, प्रत्येकाचा हिशोब वेगळा येतो. एका लिटर रसावर चाचणी घ्यायला दहा मिनिटं लागतात.

चुना ताजा विरवलेला हवा. उघड्या पोत्यात महिनोन्महिने पडलेला चुना हवेने खडूसारखा होतो, त्यात जोर उरत नाही. कळीचा चुना विरवताना तोंड लांब ठेवा, चष्मा लावा. उडालेला थेंब डोळा घालवू शकतो. शंभर ग्रॅम विरलेल्या चुन्याची भुकटी एक लिटर पाण्यात कालवून जाड कापडातून गाळा. हे चुन्याचं दूध. वरची नितळ निवळी पुरत नाही, कारण नितळ पाण्यात लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो. निवळीवर भागवायचं तर काहिलीत पाण्याच्या घागरीच ओताव्या लागतील आणि ते सगळं पाणी परत आटवायला चिपाड जाळावं लागेल. दूध खाली बसतं, म्हणून प्रत्येक वेळी हलवून घ्या.

चाचणीसाठी या दुधाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग करून पातळ दूध बनवा. आता त्याच्या दर मिलीत दहा मिलिग्रॅम चुना आहे. एक लिटर गाळलेला कच्चा रस घ्या, सिरिंजने पाच-पाच मिली पातळ दूध घाला, ढवळा, दोन मिनिटं थांबा, मोजा. ६.२ येईपर्यंत लागलेलं दूध लिहून ठेवा. उदाहरणार्थ १८ मिली लागलं, तर लिटरला ०.१८ ग्रॅम चुना झाला. पाचशे लिटरच्या काहिलीला ९० ग्रॅम, म्हणजे मूळच्या घट्ट दुधाचे ९०० मिली.

हे सगळं एकदम ओतू नका. दोन तृतीयांश आधी, ढवळा, पाच मिनिटं थांबा, थंड नमुना मोजा, मग उरलेलं थोडं थोडं. चुना घातल्यावर लगेच मोजलं तर पेन जिथे बुडाला तिथला आकडा मिळतो, काहिलीचा नाही. आणि आधण सुरू करतानाच वीस-पंचवीस लिटर कच्चा रस बाजूला ठेवा. रस ६.६ च्या पुढे गेलाच तर तोच परत घालून खाली आणायचा. लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घालून उतरवायच्या फंदात पडू नका, हात चुकला की पुन्हा साखर फुटायच्या बाजूला जाता.

हा चुना रस कोमट असताना द्यावा, उकळी फुटायच्या आत. मळी वर आणणारं भेंडीचं पाणी त्याच्या आधी. उकळत्या, आंबट रसाला उशिरा चुना दिला तर तोवर फुटलेली साखर परत जुळत नाही.

बाकीचं

मळी वर येऊन फाटू लागली की आच कमी करून झाऱ्याने काढा; दोनदा-तीनदा येते. काळी मळी पहिली, मग पांढरट फेस. मळी निघताना पीएच थोडा उतरतो, ६.० च्या खाली गेला तर अर्धा कप घट्ट दूध देऊन परत मोजा. गूळ उजळ दिसावा म्हणून हायड्रॉसची (गंधकयुक्त रसायनाची) पूड टाकणारे आहेत. रंग त्याने येतो, पण थोड्या दिवसांत उतरतो आणि गुळात गंधक राहतं. पीएच बरोबर असेल तर लागतच नाही.

मग आच मोठी. फेस वर आला की शेंगतेलाचे दोन थेंब. काकवी हवी असेल तर १०५–१०६ अंशांना उतरवा. ढेपेसाठी ११६–११८, थंड पाण्यात टाकलेला पाक बोटात गोळी धरतो. वाफ्यात (थंड करायच्या पसरट हौद्यात) ओतून ढवळा, मग साच्यात. लोखंडी काहील गूळ काळा करते, स्टीलची चांगली.

आधण संपलं की पेन लगेच कोमट पाण्याने धुवा. वाळलेला रस काचेवर पातळ पापुद्रा धरतो आणि दुसऱ्या दिवशी आकडा रेंगाळायला लागतो. तसं झालं तर भांड्याच्या साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. चुन्याचा पांढरा थर दिसत असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं. नंतर धुवून परत जुळवणी करा. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचे चार थेंब घालून पेन उभा ठेवा. हंगाम चालू असताना रोज सकाळी पहिल्या आधणाआधी दोन्ही बफर. पुडीतून बनवलेलं बफर बंद बाटलीत महिनाभर धरा, ६.८६ गढूळ दिसलं किंवा बुरशीचे तंतू तरंगताना दिसले तर त्याच दिवशी टाकून द्या.