शेल्टरमधून ससा आणताय? मराठवाड्यातल्या घरात या चुका टाळा

मुलांचा हट्ट, वाढदिवसाची घाई आणि बाजारातून उचलून आणलेली पांढरी जोडी. काही महिन्यांत ती वाढते, चार्जरच्या वायरी कुरतडते, लघवीचा वास येऊ लागतो आणि मग कुणाला तरी देऊन टाकायची धडपड सुरू होते. अशा सशांतले थोडेच प्राणी निवाऱ्यापर्यंत पोचतात. त्यांना घर देणं हे फार मोलाचं काम आहे. पण नीट सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षं जगतो. पाचवीतल्या मुलीसाठी आणलेला ससा ती कॉलेजला जाईपर्यंत घरात असणार आहे. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने ही जबाबदारी स्वतःची मानली नसेल, तर दत्तक घेण्याचा अर्ज भरूच नका.

आपल्या भागात ससा टिकतो की जातो, हे तीन गोष्टींवर ठरतं: दुपारचा गारवा, सुकं गवत आणि सशाची माहिती असलेला पशुवैद्य. या तिन्हींची सोय आधी लावा, ससा मग आणा.

ससा आधी, जागा मागून

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सशाला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही त्याला जमत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. २८-३० अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो, आणि परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ वर सहज जातो. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेला ससा एका दुपारीत दगावू शकतो. म्हणून पांढरा घ्यायचा की तपकिरी हे नंतर बघा. मे महिन्यात दुपारी तीन वाजता तो घरात नेमका कुठे बसेल, ते आधी ठरवा.

जुन्या माळवदाच्या घरातली मधली खोली यासाठी उत्तम. स्लॅबच्या घरात तळमजल्यावरची, ऊन न येणारी खोली निवडा. कूलर आपल्या कोरड्या हवेत चांगलं काम करतो, पण भर दुपारी लाईट गेली की काय, याचं उत्तर तयार ठेवा. नांदेडमधल्या एका घरात मी एक सोय पाहिली. तोंड फुटलेला जुना माठ आडवा ठेवून कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वरून ओलं गोणपाट टाकलेलं आणि खाली शहाबादी फरशीचा तुकडा. ससा दुपारभर त्या माठात लोळत पडलेला. शेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, तिला तो अधूनमधून पाठ लावायचा. खर्च जवळजवळ शून्य.

ससा पाय ताणून आडवा पडलाय, तोंड उघडं ठेवून भराभर श्वास घेतोय, नाकातोंडाभोवती ओलं झालंय आणि कान तापलेत, तर हा उष्माघात आहे. त्याला गार खोलीत न्या, कान साध्या पाण्याने ओले करत राहा, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. त्या धक्क्यानेच तो जाऊ शकतो. एरवीही सशाला आंघोळ घालायची नसते, तो स्वतःला मांजरासारखा चाटून स्वच्छ ठेवतो.

आपल्याकडच्या बहुतेक निवाऱ्यांत कुत्री-मांजरंच जास्त असतात, त्यामुळे ससा पुण्याहून किंवा हैदराबादहून आणायची वेळ येऊ शकते. एप्रिल-मे असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबा. थांबणं शक्यच नसेल तर रात्रीचा प्रवास करा आणि खोक्यात गवत भरपूर ठेवा.

चेहरा बघून निवड

निवाऱ्यात गेल्यावर गोजिरवाण्या चेहऱ्याला भुलू नका. पुढच्या पायांची आतली बाजू बघा. तिथली लव चिकटून जट झाली असेल, तर ससा वाहणारं नाक पायाने पुसत असतो, म्हणजे सर्दी जुनी आहे. कानात आणि नाकाच्या शेंड्यावर खपल्या दिसल्या तर खरूज समजा. हनुवटी ओली असेल तर दाढांचं दुखणं असू शकतं. मागची बाजू घाणीने माखलेली असेल तर खाण्यात गडबड आहे. यातलं काही दिसलं म्हणून त्या सशाला नाकारायलाच हवं असं नाही, उलट अशांनाच घराची जास्त गरज असते. फक्त उपचार चालू आहेत का, पुढचा खर्च कोण करणार, हे तिथेच स्पष्ट विचारून घ्या. आणि तो सध्या जे खातोय त्यातलं आठवडाभराचं खाणं मागून आणा. खाण्यातला बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करायचा असतो.

गाजर, पोळी आणि बांधावरचं गवत

चित्रात ससा गाजर खातो, म्हणून आपणही तेच देतो. गाजरात साखर जास्त असते, एखादी चकती पुरे. पोळी, भात, बिस्किट, पाव, शेंगदाणे हे तर सशाचं अन्नच नाही. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजायला आणि आतडं चालतं राहायला दिवसभर तंतुमय गवत चघळावं लागतं. पोटात जाणाऱ्या अन्नात सुमारे ८० टक्के गवत हवं. त्यावर मूठभर कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला. तयार गोळीखाद्य दोन किलोच्या मोठ्या सशाला दिवसाला ५० ग्रॅमच्या वर नको.

ऑनलाइन मिळणारं परदेशी गवत महाग पडतं, म्हणून लोक गवत सोडून गोळ्यांवर येतात आणि तिथून दातांची-पोटाची दुखणी सुरू होतात. खरं तर आपल्याकडे हरळी आहे, मारवेल आहे. कापून सावलीत दोन-तीन दिवस सुकवलं, उलटंपालटं केलं की हिरवट, सुवासिक गवत तयार होतं. गोणीत भरून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात बुरशीचा वास आला तर ती गोणी सशासमोर जाऊ देऊ नका. लसूणघास सशाला फार आवडतो, पण त्यात कॅल्शियम भरपूर असतं. सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना तो चालतो, मोठ्या सशाला रोज दिला तर मूत्राशयात गाळ साठतो.

गवत कुठून आणता, यावर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. सोयाबीन आणि कापसाच्या शेतांच्या बांधावर तणनाशक मारलेलं असतं, किंवा फवारणीचे तुषार उडून आलेले असतात. गवत हिरवंगार दिसतं आणि तेच घात करतं. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधावरचा भारा आणू नका. कोवळ्या ज्वारीने जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको, ती सशालाही टाकू नका. कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी सशाच्या वाटेत येणार नाहीत हेही बघा.

‘आज जेवला नाही, उद्या बघू’

या एका वाक्याने जितके ससे जातात, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने जात असतील. ससा हा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तो ओरडत नाही, लंगडत नाही, फक्त कोपऱ्यात आकसून बसतो आणि खाणं सोडतो. सशाचं आतडं थांबलं की आत वायू धरतो, वेदना वाढतात, वेदनेमुळे तो आणखी खात नाही, आणि हे चक्र एका दिवसात जीव घेऊ शकतं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर तीच आणीबाणी समजा.

म्हणून रोज सकाळी लेंड्या बघायची सवय लावा. चांगली लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, कोरडी असते आणि बोटांनी चुरली तर आत बारीक गवताचा भुगा दिसतो. आकार लहान होत गेला, वाकडातिकडा झाला किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या लेंड्या दिसल्या, तर गवत वाढवा आणि डॉक्टरांना कळवा. पहाटे ससा मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या स्वतःच खातो, त्यात काही वावगं नाही. जीवनसत्त्वं तो अशीच मिळवतो, अडवू नका. लघवी कधी नारिंगी-लालसर दिसते, तीही बहुतेकदा खाण्यातल्या रंगद्रव्यामुळे. मात्र लघवी करताना तो ताण देत असेल तर तपासणी हवीच.

सशावर उपचार करण्याचा अनुभव सगळ्याच डॉक्टरांना नसतो, त्यामुळे दवाखाना आधीच शोधून ठेवा. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे विचारता येईल. दोन औषधांबाबत स्वतः सावध राहा: अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलीन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, आणि कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिल सशाला विषारी ठरतं. घरातल्या माणसांच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

‘दोन्ही माद्याच आहेत’

लहान वयात नर-मादी ओळखणं अवघड असतं आणि भलेभले फसतात. चौथ्या महिन्यापासून पिल्लं व्हायची शक्यता असते, गर्भकाळ जेमतेम ३०-३२ दिवसांचा आणि मादी व्यायल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. ससे सोबतीने राहणारे, जोडी घेणं चांगलंच, पण नसबंदी झालेली घ्या किंवा होईपर्यंत वेगळे ठेवा. शस्त्रक्रियेनंतरही नरात काही आठवडे पिल्लं होण्याची क्षमता उरते. मादीची शस्त्रक्रिया केली तर गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका टळतो. ऑपरेशनपूर्वी ‘रात्रभर उपाशी ठेवा’ असं कुणी सांगितलं तर थांबा. सशाला उलटी होत नाही आणि उपाशी राहणं त्याच्या आतड्याला मानवत नाही. असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

हाताळणी, पिंजरा, पावसाळा

कान धरून कधीही उचलू नका. सशाची हाडं ठिसूळ असतात, हातात धडपडून मागच्या पायांनी जोरात लाथ मारली तर पाठीचा कणा मोडू शकतो. मांडीवर गप्प बसलेला ससा बऱ्याचदा भीतीने थिजलेला असतो. मुलांना जमिनीवर बसवा आणि ससा आपणहून जवळ येईल तेव्हा येऊ द्या. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तळपायांना जखमा होतात, खाली चटई किंवा गवताचा थर हवा. सू-शी तो एकाच कोपऱ्यात करतो, तिथेच ट्रे ठेवा आणि त्यात गवत टाका. पावसाळ्यात मागची बाजू रोज तपासा, ओल्या घाणीवर माश्या अंडी घालतात आणि बघता बघता अळ्या पडतात.

रानातलं पिल्लू

काढणीच्या वेळी रानात सशाची पिल्लं सापडतात आणि लोक ती पाळायला घरी आणतात. तो आपला रानससा, पाळीव सशाहून वेगळा प्राणी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तो पाळता येत नाही. आई दिवसभर पिल्लांपासून लांब राहते, म्हणून ती अनाथ वाटतात. हात न लावता तिथेच राहू द्या. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आणि पाळलेला ससा सांभाळणं शक्यच नाही असं झालं, तर ‘रानात मोकळा सोडला’ असं करू नका. कुत्री, मुंगूस, ऊन आणि तहान यांच्यापुढे तो फार काळ टिकत नाही, आणि प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. ज्या निवाऱ्यातून आणला तिथे फोन करा, जागा होईपर्यंत घरी ठेवा आणि परत देताना तो काय खातो, कोणती औषधं झाली, कशाला घाबरतो हे कागदावर लिहून द्या.