विंचेस्टर कॉलेजात सिक्स्थ फॉर्मला जाताना

दहावीनंतरची दोन वर्षे मी इंग्लंडमधील विंचेस्टर कॉलेज या निवासी शाळेत सिक्स्थ फॉर्मला होतो. तिथे अर्ज करू पाहणारे पालक मला आधी फी विचारतात आणि मग निकाल. शाळेचा इतिहास कोणी विचारत नाही. पण तो ठाऊक नसेल तर नव्या मुलाला तिथल्या निम्म्या गोष्टींचा अर्थच लागत नाही.

विंचेस्टरचा बिशप विल्यम ऑफ विकम याने 1382 मध्ये सनद देऊन ही शाळा स्थापली आणि 1394 मध्ये मुले स्वतःच्या वास्तूत राहायला आली. प्लेगच्या साथीत धर्मगुरू मोठ्या संख्येने दगावले होते, आणि त्यांची जागा घेणारी शिकलेली माणसे तयार व्हावीत म्हणून 70 गरजू मुलांची सोय इथे केलेली होती. त्यांच्या पुढील शिक्षणासाठी ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज त्याने 1379 मध्येच काढून ठेवले होते. राजा सहाव्या हेन्रीने 1440 मध्ये ईटन ही शाळा स्थापताना हाच नमुना समोर ठेवला. आजही स्कॉलर, म्हणजे शिष्यवृत्तीची मुले काळा गाऊन घालून त्या मूळ इमारतींत राहतात, आणि माझ्यासारखे बाकीचे, म्हणजे कॉमनर, आसपासच्या हाउस म्हणवल्या जाणाऱ्या वसतिगृहांमध्ये.

सतराव्या शतकातील ‘स्कूल’ नावाच्या दालनात भिंतीवर एक लॅटिन ओळ रंगवलेली आहे: शीक, नाहीतर चालता हो, तिसरा मार्ग मार खाण्याचा. शिकणाऱ्यासाठी बिशपचा मुकुट व दंड, सोडून जाणाऱ्यासाठी तलवार आणि दौत-लेखणी, आणि राहिलेल्यासाठी छडी अशी चित्रेही सोबत आहेत. (1999 पासून इंग्लंडच्या खासगी शाळांतही छडीला कायद्याने बंदी आहे, हे आजी-आजोबांना आवर्जून सांगावे.)

सत्रांना शॉर्ट हाफ, कॉमन टाइम आणि क्लॉइस्टर टाइम म्हणतात. पूर्वी उन्हाळ्यात वर्ग चॅपेलमागच्या क्लॉइस्टरमध्ये, म्हणजे चौकाभोवतीच्या छपराच्या वाटेवर, भरत, त्यावरून शेवटचे नाव पडले. संध्याकाळच्या अभ्यासाला टॉयटाइम म्हणतात, कारण मुलाच्या बसण्याच्या लाकडी कप्प्याला टॉय म्हणतात. असे शब्द पुष्कळ आहेत. ते पाठ करून जाण्याची गरज नाही, महिन्याभरात आपोआप तोंडी बसतात. वर्षातून एकदा भल्या पहाटे सगळी शाळा सेंट कॅथरिन टेकडी चढते, त्या दिवशी मात्र चांगले बूट हवेत.

आपल्या मुलांना खरी अडचण येते ती ‘डिव्ह’ची. हा वर्ग जवळजवळ रोज असतो, त्याला ठरलेला अभ्यासक्रम नाही आणि बोर्डाची परीक्षाही नाही. शिक्षक आपल्या आवडीचा विषय निवडतो: कधी फ्रेंच राज्यक्रांती, कधी एखादी कविता, कधी चित्रकला, त्यावर वर्गात बोलायचे आणि निबंध लिहून द्यायचा. गुण नाहीत म्हणजे महत्त्व नाही, असे मानण्याची आपली सवय असते, आणि म्हणून डिव्हचा निबंध रात्री उशिरा कसाबसा उरकला जातो. माझ्या मते हा उलटा हिशेब आहे. गणित-भौतिकशास्त्रात आपली तयारी बहुधा पुरेशी असते. स्वतःचे मत मांडून ते चौघांसमोर टिकवण्याची सवय मात्र नसते, आणि विद्यापीठाच्या मुलाखतीत तीच कामी येते. भारताशी जोडलेली नावेही या शाळेत आहेत: रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे गणिती हार्डी याच शाळेचे. मुंबईत जन्मलेला इंग्लंडचा क्रिकेट कर्णधार डग्लस जार्डिनही इथलाच, आणि शाळेच्या एका मोसमातील त्याचा धावांचा विक्रम 1959 मध्ये मोडला तो मन्सूर अली खान पतौडींनी. हे सांगितले की हाउसमध्ये पहिल्याच आठवड्यात गप्पांना विषय मिळतो.

आता व्यवहाराचे. वसतिगृहासह फी वर्षाला 50 हजार पौंडांच्या वर जाते आणि जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लागतो. घरच्या उत्पन्नानुसार मिळणाऱ्या बर्सरीची, म्हणजे फीसाठीच्या मदतीची, चौकशी अर्जाआधी लेखी करावी, कारण निवड झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. 2022 पासून सिक्स्थ फॉर्मला मुलींनाही प्रवेश आहे. अर्जाची तयारी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू करावी. अठरा वर्षांखालील मुलाला चाइल्ड स्टुडंट व्हिसा लागतो, त्यासाठी भारतातून क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मधल्या सुट्ट्यांत मूल ज्यांच्याकडे राहील असे इंग्लंडमधील गार्डियन (आई-वडिलांच्या जागी जबाबदारी घेणारी व्यक्ती) आधी ठरवावेत. दूरच्या नातेवाइकाचे नाव नुसते कागदावर घालू नये, कारण शाळा त्यांना खरोखर फोन करते.